शांतीचं चिन्ह

गेल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, माझ्या पुढच्या बाकावर एक भाऊ आणि एक बहीण बसले होते. बसले होते म्हणजे एकाच बाकाच्या दोन टोकांना. मध्ये भावाची बायको, मुलं, एक म्हातारी मावशी असा सगळा गोतावळा. दोघांचं बोलणं बंद आहे हे त्या चर्चमध्ये सगळ्यांना माहीत. वडिलांच्या मागे घर कुणाच्या नावावर झालं आणि सह्या कशा घेतल्या गेल्या, हेही बऱ्याच जणांना माहीत, फक्त मोठ्याने कुणी बोलत नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ संपलं. फादर म्हणाले, “एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या.” नेहमीसारखी चर्चभर खसफस झाली, बाकं करकरली, माणसं वळली, हात पुढे आले. भाऊ बाकाच्या त्या टोकापासून गुडघ्यांच्या मधून वाट काढत इकडे आला. चेहऱ्यावर मोकळं हसू, बाहीवर मेणबत्तीचा वाळलेला थेंब. त्याने हात पुढे केला. बहिणीने पाहिलं. पाहिलं हे नक्की, कारण मी तिच्या मागेच होते आणि तिची मान वळलेली मला दिसली. मग तिने गाण्यांची वही दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ती समोर वेदीकडे बघत राहिली. हात तसाच राहिला, वाजवीपेक्षा जरा जास्त वेळ. शेवटी त्याच हाताने त्याने शेजारच्या पोराच्या डोक्यावर टपली मारली आणि तो जागेवर परत गेला.

मिस्सेनंतर लोक बाहेर रेंगाळले होते. मावशीचा आवाज चढला होता. “सणासुदीला तरी सोडून द्यावं माणसानं. आज तरी.” कुणीतरी री ओढली, “तो आपणहून आला ना? आणखी काय करायचं त्यानं?” बहीण तोवर निघून गेली होती, त्यामुळे निकाल एकतर्फी लागला. नाताळची शांती तिने मोडली. मग सण झाला, पाहुणे आले, गेले. तो निकाल मात्र माझ्या डोक्यातून जाईना. तो फार सहज लागला होता, आणि देवदूतांचं ‘पृथ्वीवर शांती’ हे गाणं वाचून तास उलटायच्या आत लागला होता.

नाताळची शांती म्हटली की आपल्यापुढे काय येतं ते ठरलेलंच आहे. निळसर बर्फ, एक तारा, अंग चोरून बसलेली मेंढरं, गुडघे टेकलेली आई, आणि मधोमध एक बाळ, जे कधीच रडत नाही. मला ही चित्रं आवडतात, उगाच नाक मुरडायचं नाही. लहानपणी गव्हाणीसमोर बसून मी तासन्‌तास घालवलेत. वाळक्या गवताचा नाकात शिरणारा वास, वितळत्या मेणाचा वास, आणि मातीचा एक मेंढपाळ, ज्याच्या हातातली काठी मोडल्यामुळे तिथे आगपेटीची काडी खोचलेली होती. बाळ मध्यरात्रीपर्यंत ठेवायचं नाही, म्हणून गव्हाणीत नुसता खळगा असायचा. त्या संध्याकाळी घरात कुणी आवाज चढवायचा नाही, असा न सांगितलेला नियम होता. आदल्या आठवड्यातली भांडणं कुठे गेलेली नसायची. ती झाकून ठेवलेली असायची, आणि २६ तारखेला सकाळी झाकण निघायचं. मोठ्यांच्या चेहऱ्यावर त्या रात्री एक ताणलेलं हसू असायचं. मला ते ओळखता यायचं, आणि ते नाताळचाच एक भाग आहे असं मी धरून चालले होते. ताऱ्यासारखं, गवतासारखं.

त्या रात्रीचं पहिलं वाचन मात्र या चित्रात बसत नाही. वाचन यशया या जुन्या करारातल्या संदेष्ट्याचं. अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, इथून सुरू होतं आणि आम्हांसाठी बाळ जन्मलं आहे, त्याला शांतीचा अधिपती म्हणतील, इथवर येतं. ‘शांतीचा अधिपती’ आलं की लोक माना वर करतात, कारण तेवढं ओळखीचं असतं. त्याच्या अगदी आधीची ओळ वाचणारा बहुतेक वेळा घाईत उरकतो. त्या ओळीत सैनिकांचे जोडे आहेत, दणदण आपटत आलेले, आणि रक्तात लडबडलेले कपडे आहेत, आणि हे सगळं आगीत टाकलं जाणार आहे. जळण म्हणून. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात अश्शूरी फौजांनी गालीलाचा सगळा पट्टा तुडवला होता, त्या लोकांना उद्देशून हे आहे. जोड्यांचा तो आवाज त्यांनी ऐकलेला होता. रक्त वाळलं की कापड कडक होतं, कातडं जळताना घाण वास सुटतो आणि तो अंगावरून लवकर जात नाही. ज्या बाळाचं नाव शांतीचा अधिपती, त्याच्या पाळण्याच्या एवढ्या जवळ ही शेकोटी पेटलेली आहे. यशया आधी ती पेटवतो आणि मग बाळाकडे वळतो.

मिस्सेच्या आधी बऱ्याच ठिकाणी ख्रिस्तजन्माची जुनी घोषणा गातात. जगाच्या निर्मितीपासून सुरुवात करून अब्राहाम, मोशे, दावीद असे टप्पे घेत ती रोमपर्यंत येते: कैसर औगुस्ताच्या राज्याच्या बेचाळिसाव्या वर्षी, सगळं जग शांत असताना. गाणाऱ्याचा आवाज इथे हमखास मऊ होतो. माझं अडतं ते इथेच. ‘सगळं जग शांत’ म्हणजे नेमकं काय? रोममध्ये जानुस देवाच्या मंदिराची दारं युद्ध चालू असलं की उघडी ठेवत आणि सगळीकडे शांतता असली की बंद करत. शहर वसल्यापासून औगुस्ताच्या जन्मापर्यंत ती दोनदाच बंद झाली होती. माझ्या कारकिर्दीत तीनदा झाली, असं त्याने आपल्या कर्तबगारीच्या यादीत नोंदवून ठेवलं आहे. इ.स.पूर्व ९ मध्ये रोममध्ये त्याच्या नावाने शांतीची संगमरवरी वेदी अर्पण झाली. ती अजून आहे. वेलबुट्टी, फळं, मांडीवर दोन गुटगुटीत बाळं घेऊन बसलेली बाई, सगळं देखणं. त्याच सुमारास रोमच्या आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, नगरांनी ठराव केला की यापुढे वर्ष औगुस्ताच्या वाढदिवसापासून मोजायचं, कारण त्या देवाच्या जन्माने जगासाठी शुभवार्तेची सुरुवात झाली. प्रिएने इथे सापडलेल्या शिलालेखात हा मजकूर आहे. म्हणजे येशूचं चरित्र सांगणारा लूक आपल्या शुभवर्तमानात जेव्हा लिहितो की देवदूताने मोठ्या आनंदाची सुवार्ता आणली, तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे, तेव्हा तो त्या काळचं सरकारी पत्रकच उचलतो आणि गोठ्यातल्या पोराच्या नावावर लावतो. औगुस्ताचं नाव त्याने त्या गोष्टीच्या पहिल्याच वाक्यात उगाच घेतलेलं नाही.

रोमच्या आश्रयाने यहूद्यांवर राज्य करणारा हेरोद मेला इ.स.पूर्व ४ मध्ये. लगेच बंड उठलं, आणि सीरियाचा रोमन सुभेदार वारुस फौज घेऊन खाली उतरला. इतिहासकार योसेफस लिहितो की सेप्फोरिस नगर जाळलं, तिथल्या रहिवाशांना गुलाम म्हणून नेलं आणि सुमारे दोन हजार बंडखोरांना क्रुसावर चढवलं. सेप्फोरिस नासरेथपासून चालत दीडेक तासावर आहे. बेथलेहेमचं ते बाळ तेव्हा जेमतेम पावलं टाकत असेल. ज्या गावात ते पुढे वाढलं, तिथल्या प्रत्येक घरात या आगीची गोष्ट सांगितली जात असणार. रोमच्या लेखी हे शांती प्रस्थापित करणंच होतं. जिंकणाऱ्याने जिंकायचं, हरलेल्याने गप्प बसायचं, मग कुणीतरी वेलबुट्टीची वेदी बांधायची.

घराघरातली शांतीही बरेचदा अशीच बांधलेली असते.

मेंढपाळांकडे आलेलं सैन्य निराळं होतं. लूक त्याला सैन्यच म्हणतो, स्वर्गीय सैन्याचा समुदाय, आणि मेंढपाळ आधी घाबरले हेही लिहितो. घाबरणारच. रात्री अचानक उजेड आणि सैन्य म्हणजे त्या मुलखात काय होतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हे सैन्य गातं, आणि निघून जातं. कुणाला धरून नेत नाही, कुणाची नावं लिहून घेत नाही. खूण काय देतं, तर कापडात गुंडाळलेलं बाळ. बाळाची भीती वाटत नाही, म्हणून ही खूण असावी, असं मी पूर्वी समजत होते. आता वाटतं, बाळ ही अशी गोष्ट आहे की जिच्यावर कुणीही हात उगारू शकतो. देवाने शांतीसाठी हा मार्ग निवडला, हे ख्रिस्ती माणसाने मानायचं, तर त्यातला धोकाही मानावा लागतो. चाळीस दिवसांनी मंदिरात म्हातारा शिमोन ते बाळ हातात घेतो, आता मला शांतीने जाऊ दे म्हणतो, आणि त्याच दमात आईला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. मत्तयाच्या गोष्टीत हेरोदाचे लोक बेथलेहेमला येतात आणि दोन वर्षांची आणि त्याहून लहान पोरं मारून जातात. चर्चच्या पंचांगाने हे लपवलेलं नाही. नाताळचा दुसरा दिवस दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचा, आणि २८ डिसेंबर त्या मारलेल्या पोरांचा. गव्हाणीतलं गवत अजून हिरवट असतं, तोवर हे येतं. आम्ही सुट्टीत असतो, म्हणून आमच्या लक्षात येत नाही.

नाताळ आणि शांती म्हटलं की पहिल्या महायुद्धातली १९१४ ची गोष्ट कुणीतरी सांगतंच. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ७ डिसेंबरला आवाहन केलं होतं की निदान नाताळापुरत्या तोफा थांबवा. सरकारांनी ऐकलं नाही. तरी पश्चिम आघाडीवर कित्येक ठिकाणी शिपायांनी ते आपल्या पातळीवर करून टाकलं. जर्मन खंदकांतून गाणी आली, पलीकडून उत्तरं गेली, मग एकेक जण चिखलातून वर आला. तंबाखू आणि कोटाची बटणं यांची देवाणघेवाण झाली. मला त्यातलं सगळ्यात आतवर लागतं ते दफन. दोन खंदकांच्या मधल्या जमिनीत कित्येक दिवस पडून राहिलेले मृतदेह दोन्हीकडच्यांनी मिळून पुरले. एके ठिकाणी तेविसावं स्तोत्र आधी इंग्रजीत आणि मग जर्मनमध्ये म्हटलं गेलं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. थंडीने जमीन कडक झालेली, फावड्याला दाद देत नसेल. पुढे युद्ध चार वर्षं चाललं, आणि पुढच्या नाताळात असं काही होऊ नये म्हणून वरून सक्त ताकीद आली.

ही गोष्ट वाचताना डोळे भरून येतात, आणि तरी मला तिचा थोडा कंटाळाही आला आहे. ती इतकी वापरली गेली की गुळगुळीत झाली. शिवाय त्या रात्रीच्या बाकाबद्दल विचार करताना एक गोष्ट खटकली. त्या शिपायांचं एकमेकांशी भांडण नव्हतंच. एकाने दुसऱ्याचं घर लुबाडलेलं नव्हतं, खोट्या सह्या घेतल्या नव्हत्या. भांडण होतं त्यांना तिथे पाठवणाऱ्यांचं. अनोळखी माणसाच्या हातात हात देणं माणसाला जमतं. चर्चमध्येही मागच्या बाकावरच्या परक्या माणसाला ‘शांती असो’ म्हणताना माझा आवाज किती मोकळा असतो! दोन खंदकांमधल्या जमिनीपेक्षा त्या बाकाच्या दोन टोकांमधलं अंतर कमी होतं, आणि ते ओलांडणं जास्त कठीण होतं.

शांतीचं हे चिन्ह फार जुनं आहे. प्रेषित पौल आपल्या पत्रांत पवित्र चुंबनाने एकमेकांना सलाम करा म्हणतो. चौथ्या शतकात यरुशलेमचे बिशप सिरिल नव्या ख्रिस्ती लोकांना बजावतात की हे बाजारात मित्र भेटल्यावर घेतो तसलं चुंबन नव्हे; यात मनं एक होतात आणि जुन्या अपकारांची आठवण हद्दपार होते. मध्ययुगात युरोपात लोकांनी एकमेकांचं चुंबन घेणं मागे पडलं आणि एक कोरीव पाटी बाकाबाकांतून फिरायला लागली. सगळ्यांनी तिचंच चुंबन घ्यायचं. झालं, पाटी आधी कुणाकडे यायची यावरून मानापमान सुरू. १४९४ मध्ये लंडनच्या एका पॅरिशमध्ये एका बाईविरुद्ध तक्रार झाली की तिने ती शांतीची पाटी जमिनीवर आपटून फोडली, का, तर दुसऱ्या बाईने तिच्याआधी चुंबन घेतलं. हे वाचून मी एकटीच खूप वेळ हसत होते. आणि बेथलेहेमला तरी वेगळं काय आहे? ख्रिस्तजन्माच्या जागेवर जो चांदीचा चौदा टोकांचा तारा आहे, तो १८४७ मध्ये चोरीला गेला. त्यावरून ग्रीक आणि लॅटिन पंथांत, आणि त्यांच्या पाठीशी उभ्या रशिया आणि फ्रान्समध्ये जी धुसफुस वाढली, तिने पुढच्या क्रिमियन युद्धाला हातभार लावला. २०११ च्या डिसेंबरात त्याच चर्चमध्ये साफसफाई करताना ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरू हातातले झाडू घेऊन एकमेकांवर धावले आणि पोलिसांना मध्ये पडावं लागलं. कुणाच्या हद्दीतली धूळ कुणी झाडायची, हा वाद. त्या चर्चचं दार जेमतेम चार फूट उंच आहे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. सगळे वाकून आत जातात, आणि आत गेल्यावर ताठ उभे राहून भांडतात.

चिन्ह मोडकं आहे म्हणून ते टाकून द्यावं, असं मला वाटत नाही. पण ते कुठून आलं ते नीट पाहावं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, तू वेदीपाशी दान घेऊन आला आहेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तुला तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. मी हे शेकडो वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी माझ्या कानांनी ते उलटं करून घेतलं: तुझ्या मनात कुणाविरुद्ध काही असेल तर सोडून दे. तिथे तसं लिहिलेलंच नाही. ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याच्या मनात काही आहे, ज्याच्याकडून काहीतरी झालं आहे, त्याने उठायचं. आणि उठून चर्चच्या बाहेर जायचं. दान वेदीपाशी पडून राहू दे, मिस्सा खोळंबू दे, पण चारचौघांसमोर, गाण्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या साक्षीने, जिथे समोरच्याला नाही म्हणणं अवघड आहे अशा जागी नव्हे. तिच्या घरी जा. दार वाजव. कागद बरोबर ने.

लूकच्या पुस्तकात असा एक माणूस आहे. जक्कय, जकातदारांचा मुखिया, श्रीमंत आणि ठेंगणा. येशूला बघायला झाडावर चढलेला. येशू त्याला खाली बोलावतो, आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो, आणि त्याने काही कबूल करायच्या आधीच त्याच्याकडे जातो. लोक कुरकुरतात. मग जक्कय उभा राहतो आणि बोलतो ते आकड्यांत बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं काही फसवून घेतलं असेल तर चौपट परत. तेव्हा येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं आहे. मरियेने बाळ पोटात असताना जे गाणं म्हटलं, ते हेच आहे. अधिपतींना त्याने आसनांवरून खाली ओढलं, धनवानांना रिकाम्या हातांनी पाठवून दिलं. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, आपण ते सुरात म्हणतो आणि अंगाला लावून घेत नाही. ८५ व्या स्तोत्रात नीतिमत्ता आणि शांती एकमेकींचं चुंबन घेतात. एकटी शांती तिथे कुणाचं चुंबन घेत फिरत नाही. आणि जखम वरवर बरी करून ‘शांती, शांती’ म्हणणाऱ्यांवर यिर्मया संदेष्टा किती चिडतो! शांती नसताना म्हणता, असं त्याचं म्हणणं. मावशी त्याच्या तावडीत सापडायला हवी होती.

इथपर्यंत आले की मला बरं वाटतं. बहिणीची बाजू बायबलातून सिद्ध झाली. आणि बरं वाटल्यावर लगेच शंका येते, कारण हिशेब पुरता झाल्याशिवाय शांती नाही असं म्हटलं तर नाताळ झालाच नसता. पौल रोमकरांना लिहितो की आपण शत्रू असतानाच देवाचा आपल्याशी समेट झाला. माणसाने क्षमा मागितली, चौपट परत केलं आणि मग देव आला, असा क्रम नाही. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला होता, तोच आधी निघाला, आणि तोही जखम होऊ शकेल असं शरीर घेऊन. डिट्रिश बॉनहॉफर या जर्मन पाळकाने १९३४ मध्ये, हिटलर सत्तेवर असताना, डेन्मार्कमधल्या फान्यो इथल्या परिषदेत सांगितलं होतं की सुरक्षिततेच्या वाटेने शांतीकडे जाता येत नाही. शांती म्हणजे धाडस, तिची हमी आधी मिळत नाही. त्यालाच पुढे तुरुंगात टाकलं. १९४३ च्या नोव्हेंबरात कोठडीतून पाठवलेल्या पत्रात तो लिहितो की आगमनकाळ समजून घ्यायला अशी कोठडी बरी: माणूस वाट बघतो, हे कर, ते कर, पण दाराला कुलूप आहे आणि ते बाहेरूनच उघडू शकतं. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिलं. त्याचं दार कुणी उघडलं, असा प्रश्न मी विचारते तेव्हा धार्मिक उत्तरं पटापट येतात आणि मला ती पुरत नाहीत.

म्हणून मग त्या बहिणीने काय करायला हवं होतं, यावर माझा निकाल लागत नाही. तिने हात घेतला असता, तर बाहेर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता आणि घराचा विषय पुन्हा कुणी काढला नसता. हे तिला माहीत होतं, म्हणून तिने वही धरली. दुसरीकडे, भावाचं हसू खोटं होतं असंही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कदाचित ती त्याच्या परीने पहिली पायरी असेल, चुकीच्या जागी टाकलेली. २०२३ च्या नाताळात बेथलेहेमच्या ल्यूथरन चर्चमध्ये गव्हाणी मांडली होती ती फुटक्या सिमेंटच्या ढिगाऱ्यात. बाळ दगडांमध्ये, एका चौकड्याच्या कापडात गुंडाळलेलं. गावातले सोहळे गाझातल्या युद्धामुळे रद्द झाले होते. त्या फोटोत शांत असं काही नाही. पण बाळ ठेवलं होतं. ठेवायचं नाही असं त्यांनी ठरवलं नाही, आणि ढिगारा झाकायचा असंही ठरवलं नाही.

नाताळच्या रात्री जी शांती गायली गेली, तिचं पुढे काय झालं हे शोधत मी पुस्तकाच्या शेवटापर्यंत जाते. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य भीतीने दारं लावून बसले आहेत. येशूला धरलं तेव्हा सगळे पळालेले, पेत्राने तर तीनदा ओळख नाकारलेली. येशू मध्ये उभा राहतो आणि म्हणतो, तुम्हांला शांती असो. आणि पुढच्याच वाक्यात त्यांना आपले हात आणि कूस दाखवतो. जखमा झाकलेल्या नाहीत. काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, आणि शांतीही त्याच तोंडून येते आहे. थोमा त्या दिवशी नव्हता, तर आठ दिवसांनी पुन्हा तेच: शांती असो, आणि बोट इथे घाल.

पेत्राचं प्रकरण त्याहून सावकाश मिटतं. योहान एक बारकावा टिपतो. पेत्राने ओळख नाकारली, तेव्हा तो प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवापाशी हात शेकत उभा होता. आणि पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठावर, पहाटे, येशूने मासे भाजायला पेटवलेला विस्तवही कोळशांचाच आहे. तोच धूर, तोच वास. पेत्राच्या नाकात तो गेला नसेल असं होणार नाही. आधी न्याहारी होते. मग येशू बाजूला न घेता, सगळ्यांसमोर, विचारतो: माझ्यावर प्रीती करतोस का? एकदा, दोनदा, तीनदा. जितक्या वेळा नाकारलं, तितक्या वेळा. ‘झालं गेलं विसरून जा’ असं तो म्हणत नाही, आणि त्या अंगणाचा उल्लेखही करत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं योहान स्पष्ट लिहितो. वाईट वाटणारच. तरी तो उठून गेला नाही, तिसऱ्यांदाही उत्तर दिलं, आणि मग येशूने त्याला मेंढरं सांभाळायला सांगितली. हे वाचन चर्चमध्ये पुनरुत्थानकाळात येतं. नाताळात कुणी त्याच्याकडे वळत नाही. मला विचाराल तर २६ तारखेच्या सकाळी ते प्रत्येक घरात मोठ्याने वाचावं, झाकण निघायच्या आधी.